‘मराठा माल घेऊन पळाला’

निमंत्रणपत्रिका जाड कागदाची होती. वर गणपती, खाली सोनेरी अक्षरांत ‘दिल्लीतील आमच्या गलाई दुकानाची पन्नास वर्षे’, आणि सत्कारमूर्तींच्या यादीत सातवे नाव माझे. नावाआधी ‘आदरणीय’. मी ती दोनदा वाचली आणि कप बशीत असा आदळला की आतून बायको म्हणाली, “फुटला का?”

“कप नाही फुटला. संपतला चाळीस वर्षांनी भाऊ आठवलाय.”

संपत माझा मामेभाऊ. दुकान त्याच्या वडिलांचे, म्हणजे माझ्या मामाचे. आमच्या विटा-खानापूर भागातली माणसे देशभर गलाई करतात: सोनारांचे जुने दागिने, तुकडे, झाडलोट घ्यायची, वितळवायची, शुद्ध सोन्याची लगड करून द्यायची. उत्तरेत आम्हाला ‘मराठे’ म्हणतात, जात कुठलीही असो. मी अठराव्या वर्षी मामाच्या दिल्लीच्या दुकानात गेलो आणि विसाव्या वर्षी परत आलो. ते चौऱ्याऐंशी साल होते. पंतप्रधान बाईंना त्यांच्याच दोन शीख अंगरक्षकांनी त्यांच्याच घरात गोळ्या घातल्या, आणि पुढचे तीन दिवस शहरात सरदार दिसेल तिथे मारला गेला. आमच्या शेजारच्या दुकानातले सोनार, सगळी गल्ली ज्यांना दारजी म्हणायची, ते जिवंत जाळले गेले. त्यांची तिजोरी रिकामी झाली. आठवड्याभरात मामाने मला गाडीत बसवून दिले, आणि मी विट्याला पोचायच्या आत मामाचा निरोप पोचला: आनंदा माल घेऊन पळाला.

माझे ठरलेले लग्न मोडले. उत्तरेत एकाही गलाईवाल्याने मला भट्टीजवळ उभे केले नाही. मी कोइमतूरला गेलो, तमिळ शिकण्याआधी तमिळ शिव्या शिकलो आणि दोन दुकाने उभी केली. दिल्लीत पाऊल टाकले नाही. आता निघालो ते शालीसाठी नाही. भरल्या सभेत संपतच्या तोंडून ‘दादाने चोरी केली नव्हती’ एवढे एक वाक्य काढायचे, म्हणून निघालो.

लक्ष्मीबाई नगर

ज्यांनी दिल्ली पाहिलेली नाही त्यांनी एक लक्षात ठेवावे: तिथे पहिला सांगितलेला भाव हा भाव नसतो, ती तुमची परीक्षा असते. निजामुद्दीन स्टेशनाबाहेर एका रिक्षावाल्याने मला वर पाहून, खाली पाहून, धोतर नाही पण टोपी आहे हे पाहून भाव सांगितला. मी निम्मा सांगितला. तो हसला. मी पाठ फिरवून चालू लागलो. तो मागून आला.

“अंकल, गुस्सा क्यों करते हो?”

“गुस्सा नहीं करता. आवाजच असा आहे.” शेवटचे मराठीत निघाले. त्याला कळले बहुतेक.

नोव्हेंबरची दिल्ली म्हणजे धुराचे पांघरूण. सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा, डोळ्यांनी सरळ बघता येईल असा. घशात कोळशाची चव. भट्टीवर आयुष्य काढलेल्या माणसाला धूर नवा नाही, पण आमच्या धुराला चिमणी असते, इथे अख्खे शहरच चिमणी आहे.

माझी पुतणी सुषमा केंद्र सरकारच्या एका खात्यात आहे. लक्ष्मीबाई नगरात तिला घर मिळाले आहे. शेजारी एक कुटुंब वर्ध्याचे, एक केरळचे, एक आसामचे. जिन्यात चार भाषांतले फोडणीचे वास. सुषमाने पिठले-भाकरी केली होती. भाकरी ज्वारीची, पीठ नागपूरच्या कुणाकडून तरी आलेले. तिची मुलगी ईशा, कॉलेजात शिकणारी, भाकरी मोडत म्हणाली, “आजोबा, गलाई मतलब? गलाना?”

“गलानाच. पण गलाईचा एक कायदा असतो. माल कुणाचा, हे विचारायचं नाही.”

“का?”

“विचारलं तर धंदा बंद होतो.”

“ये तो गलत है ना, यार.” मग जीभ चावून, “म्हणजे, आजोबा.”

मी पुढचा घास घेतला. सुषमा म्हणाली, “काका, तिला उद्या म्युझियम दाखवा. जवळच आहे. तुम्ही त्या वेळी इथेच होतात ना?”

काचेखालची वाट

ज्या बंगल्यात बाई राहत होत्या आणि जिथे पडल्या, तो आता सर्वांसाठी खुला आहे. पांढरा, बैठा, मोठ्या झाडांखालचा बंगला. रांग लांब होती. शाळांच्या सहली, खेड्यांतून आलेले गट, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. आत त्या दिवशीची साडी काचेत ठेवली आहे. चपला आहेत, खांद्याची पिशवी आहे. बाहेर बागेतली वाट, जिच्यावरून त्या चालत गेल्या, ती काचेने झाकली आहे.

मी तिथे उभा राहिलो आणि खरे सांगतो, डोळे भरले. आमच्या आईच्या देव्हाऱ्याशेजारी बाईंचा फोटो होता. राखणीला ठेवलेल्या माणसांनी घरातल्या बाईला मारायचे, यापरती नीच गोष्ट नाही. एक तिथेच मारला गेला, दुसऱ्याला पुढे फाशी झाली. ठीक झाले.

ईशाने विचारले, “मारणारे तिचेच गार्ड होते ना? मग बाकीच्या सरदारांना का मारलं?”

“त्याचं उत्तर या घरात ठेवलेलं नाही.”

पुढे एक मास्तर आपल्या वर्गाला समजावत होते, “उसके बाद शहर में थोड़ी गड़बड़ हुई।”

माझ्या डोक्यात काहीतरी फुटले. “थोड़ी? मास्टरजी, थोड़ी किसको बोलते हैं? टायर गले में डाल के आदमी जलाया, वो थोड़ी?”

मास्तर बावचळले. मुले माझ्याकडे बघू लागली. पहारेकरी आला आणि हळू म्हणाला, “बाबाजी, यहाँ आवाज़ नीची रखते हैं।”

“इथं नीची ठेवतात, तिथं तर ठेवलीच नाही कुणी!” मी मराठीत ओरडलो. ईशाने माझा दंड धरला आणि मला बाहेर आणले. झाडाखाली बसवून पाणी दिले.

राग मास्तरांचा नव्हता. एका मरणाची चप्पलसुद्धा सांभाळून ठेवली आहे, आणि ती ठेवावीच. पण त्याच आठवड्यात मेलेल्या हजारो माणसांचे काय काय ठेवले आहे? माझ्या दारजींचे तर चिमटेसुद्धा कुणी उचलून ठेवले नाहीत. पायाखाली काच घालायची म्हटली तर आमच्या गल्लीत किती लागेल, याचा हिशेब माझ्याच्याने झाला नाही.

जमनापार

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. यमुनेपलीकडच्या भागाला दिल्लीकर जमनापार म्हणतात, आणि म्हणताना नाक थोडे वर करतात. मेट्रोने पूल ओलांडला. खाली नदीवर पांढरा फेस तरंगत होता. गल्ली सापडायला तासभर लागला. विजेच्या तारा तशाच, घरे मात्र तीन-तीन मजले चढलेली.

दारजींच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरे मिळतात. आमचे दुकान अजून आहे, पण कुलपात. संपतचा सगळा कारभार नोएडाला गेला. समोर रंगाच्या डब्यांचे दुकान होते. मालक चाळिशीच्या आतला, गल्ल्यावर पाय पसरून बसलेला.

मी विचारले, “यहाँ एक सरदारजी थे, सुनार।”

“थे जी। चौरासी में...” त्याने काडी ओढल्याची खूण केली. “और बगल में मराठे थे। उनका एक लड़का सरदारजी का सारा माल लेके भाग गया। पूरी गली जानती है।”

“तुमने देखा था?”

“मैं तो तब पैदा भी नहीं हुआ था।”

“तो फिर मुँह सँभाल के बोल. वो लड़का मैं हूँ.”

त्याने पाय खाली घेतले. मला नीट पाहिले. मग दिल्लीवाला जे करतो ते केले: “अंकल जी, चाय पियोगे?”

मी प्यालो नाही. पण सांगायला हवे, त्याने माझ्यामागे पोरगा पाठवून गुरुद्वाऱ्याची वाट दाखवली. तिथे डोक्याला केशरी रुमाल बांधून लंगरला बसलो. आपल्याकडे पंगतीत वाढपी ‘अजून घ्या’ म्हणतो, नको म्हटले की पुढे जातो. तिथे पोळी दोन्ही हात पसरून घ्यावी लागते. एक हात पुढे केला तर वाढणारा थांबतो. मी एक हात पुढे केला होता. पांढऱ्या दाढीचा सेवेकरी थांबला. मी दुसरा हात जोडला, तेव्हा पोळी पडली. उडदाची डाळ अशी की दुसऱ्यांदा मागितली.

जेवणानंतर मी त्या सेवेकऱ्याला दारजींच्या घरच्यांबद्दल विचारले. “उनकी बेटी है, हरजीत बीबी। फरीदाबाद में।” त्याने फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडे बाईंचा जाड आवाज. मी नाव सांगितले.

“ज़िंदा है तू?” मग, “कल आ। ग्यारह बजे।”

फरीदाबाद

लाजपत नगरला गाडी बदलावी लागते. मी रागारागात उलट दिशेच्या गाडीत चढलो आणि तीन स्टेशने गेल्यावर कळले. त्यामुळे अकराचे साडेबारा झाले. फरीदाबाद कारखान्यांचे गाव. रस्त्यावर कापलेल्या लोखंडाचा वास, आमच्या कोइमतूरसारखा. त्या वासाने जरा बरे वाटले.

हरजीत माझ्याच वयाची. शाळेत शिकवून निवृत्त झालेली. पांढरे केस, पांढरी ओढणी, हातात लोखंडी कडे. दार उघडून तिने मला बघितले आणि म्हणाली, “तू मोटा हो गया।”

“नमस्ते, बहनजी।”

“बहनजी मत बोल। पहले हरजीत बोलता था।”

तिने मुळ्याचे पराठे केले होते, वर लोण्याचा गोळा. मी बोलायला तोंड उघडले तसा तिने हात वर केला. “खाना पहले। दारजी का कायदा था, भूखे आदमी से सौदा नहीं करते।” मी दोन पराठे खाल्ले. तिने एकही खाल्ला नाही.

मग मी सुरू झालो. मी चोर नाही. मामाने मला जबरदस्तीने गाडीत बसवले. मी पळालो नव्हतो. सगळ्या जगाने माझे आयुष्य नासवले. माझा आवाज चढत गेला, शेजारच्या गच्चीवर कुणीतरी डोकावले.

ती शांतपणे म्हणाली, “जाँच वालों को मैंने हलफनामा दिया था। उसमें तेरा नाम लिखवाया है। ‘मेरे पिता का माल नंदू मराठा ले गया।’”

गल्लीत मला नंदूच म्हणायचे. आणि ते नाव प्रतिज्ञापत्रात, सरकारी फायलीत! मी उठून उभा राहिलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तिला बोललो, तिच्या वकिलाला, सरकारला, मेलेल्या मामाला. ती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

“चिल्ला लिया? अब बता। तूने नहीं लिया, तो माल गया कहाँ?”

चाळीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विट्यात ‘आनंदा पळाला’ म्हणणाऱ्यांनी नाही, बायकोने नाही, मी स्वतःला तर नाहीच नाही. मी खाली बसलो आणि सांगितले.

संचारबंदी होती. दुकानाचे शटर अर्धे खाली. दुपारी तिघे आले. दोघांच्या हातात सळया, तिसरा आमच्याच गल्लीचा, रेशन डेपोवाला; कुठल्या घरात कोण राहते याची यादी त्याच्याकडेच असायची. त्यांनी उशीच्या अभ्र्यात बांधलेला माल मामापुढे ओतला. मामाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “घाल.” भट्टीवर मी होतो. मूठ भरून मुशीत टाकायला उचलली तर हातात पिंपळपाने आली.

पंजाबी सोनार कानात घालायची पिंपळपाने करतात. पण दारजींचे पान वेगळे असे. ते प्रत्येक पानाचे टोक किंचित डावीकडे वळवायचे. “जीता हुआ पत्ता सीधा नहीं होता, नंदे,” असे म्हणायचे. ती पाने मी होताना पाहिली होती, आमच्या दोन दुकानांमधल्या खिडकीतून. हरजीतच्या लग्नाची होती. लग्न त्याच हिवाळ्यात होते.

“तूने पहचाना?” तिने विचारले.

“पहचाना.”

“फिर?”

“डाल दिया.”

दारात सळया होत्या. मला भीती वाटली. नंतर तीन दिवसांनी मी मामाच्या अंगावर धावून गेलो, ओरडलो, मामाने थोबाडीत मारली आणि मला गाडीत बसवले, हे सगळे खरे आहे. पण ते तीन दिवसांनंतरचे. त्या दुपारी मी ओरडलो नाही. भट्टीचा पंखा चालू केला, टाकणखार टाकला, लगड ओतून हातात दिली, जशी रोज द्यायचो.

ती खिडकीबाहेर बघत होती. “कितना टाइम लगता है?”

“सोनं पाणी व्हायला? आठ-दहा मिनिटं.”

“दारजी को उससे ज़्यादा लगा था।”

तिच्या तोंडून हे कोरडे निघाले, तारीख सांगावी तसे. मग ती उठली आणि तिने चहा ठेवला. किटलीकडे बघतच म्हणाली की एक ओळखीचा वकील आहे, जुन्या केसेस बघणारे अजून कागद घेतात. “तू लिख के दे। सब। देहरी पे कौन खड़ा था, उसका नाम भी।”

“आणि माझं नाव? तुझ्या कागदातलं?”

“पहले तू लिख। मेरे कागज़ में क्या रहेगा, वो मैं देखूँगी।”

कोइमतूरला मी असा व्यवहार करणाऱ्याला दुकानाबाहेर काढले असते. मी ‘परवा येतो’ म्हणालो.

नोएडा

नोएडा आकड्यांचे गाव आहे. सेक्टर अमुक, गेट तमुक. आपल्याकडे ‘मारुतीच्या देवळामागे’ म्हटले की पत्ता संपतो, इथे सुरूही होत नाही. सत्काराचा हॉल मोठा, थंड, गालिच्यांचा. दारात सनई, आत ढोल-ताशा, आणि एका बाजूला कोल्हापुराहून आणवलेले दोन फेटेवाले. येईल त्या पाहुण्याच्या डोक्याला केशरी फेटा. आपल्या माणसांची हीच रीत: परमुलखात गेले की फेट्याशिवाय कार्य होत नाही.

“दादा!” संपत धावत आला. पन्नाशीचा, चार अंगठ्या, परफ्यूम. पाया पडला. “बिल्कुल टायमावर आलात. चलो, पहिल्या रांगेत.”

“संपत, मला एक वाक्य पाहिजे. माइकवरून.”

“कोणतं?”

“मी चोरी केली नव्हती, एवढंच.”

त्याचा चेहरा पडला. “दादा, आजच्या दिवशी?” मी उत्तर द्यायच्या आत कुणीतरी त्याला ओढून नेले.

मी पहिल्या रांगेत बसलो. तेवढ्यात एक चाकाची खुर्ची आली. तीत ऐंशीच्या पुढचा माणूस, अंगावर गरम कोट. लोक वाकून नमस्कार करत होते. ‘प्रधानजी, प्रधानजी.’ बाजार समितीचे माजी प्रधान, प्रमुख पाहुणे. फेटेवाला त्यांच्या मागे उभा राहिला, टोक दातात धरून पीळ द्यायला लागला. प्रधानजींनी मान वर केली आणि मी त्यांना ओळखले. डेपोवाला. उंबऱ्यावरचा तिसरा.

त्या तीन दिवसांत याच माणसाच्या डोळ्यांदेखत रस्त्यात पगड्या पडत होत्या, आणि पगडी पडली की माणूस पडायचा. त्याच डोक्याला माझा मामेभाऊ साडेनऊ मीटर कापडाचा मान बांधत होता, आणि सनई वाजत होती.

मी मंचावर कसा चढलो ते आठवत नाही. निवेदकाच्या हातून माइक घेतला एवढे आठवते.

“सोडा तो फेटा!” फेटेवाला थबकला. “मी आनंदा. तुम्ही सगळे मला माल घेऊन पळालेला म्हणून ओळखता. ऐका. दारजींचा माल मी नेला नाही. मी तो वितळवला. या प्रधानजींनी आणला, मामानं घाल म्हटलं, मी घातला. भट्टीवर मी होतो. ज्याला शाल द्यायची त्याला द्या, पण आधी एवढं माहीत असू द्या.”

प्रधानजींनी हात जोडले, हसून. “बेटा, बहुत पुरानी बात है। तब सबका दिमाग़ ख़राब था।”

“सबका नहीं. सरदारों का दिमाग़ कहाँ ख़राब था?”

माइक बंद झाला. मी बिनमाइकचाच ओरडत राहिलो. मला चौघांनी उचलले नाही, हात धरून कडेला नेले. आपली माणसे मानाने बाहेर काढतात.

स्वयंपाकघराच्या बोळात संपत आला. कपाळावर घाम. “दादा, तुम्ही चोरी केली नव्हती. मला माहीत आहे. मी दहा वर्षांचा होतो, आतल्या पायरीवर बसलो होतो. सगळं बघितलं.”

“मग इतकी वर्षं?”

“तुम्ही पळाला नाही म्हटलं, तर लोक विचारणार, मग माल गेला कुठं? बाबांचं दुकान बंद झालं असतं.”

“हेच तिकडं जाऊन म्हण.”

“तिकडं नाही जमणार, दादा.” तो रडत होता. मला कीव आली आणि त्या कीवेचाही राग आला. ज्या वाक्यासाठी मी अख्खा देश ओलांडून आलो होतो, ते मला मिळाले होते, भांडी घासायच्या मोरीशेजारी. मी ते तिथेच टाकून निघालो.

फाटकाजवळ मागून काठीचा आवाज आला. आमच्याच तालुक्यातले विष्णूतात्या, दिल्लीत पन्नास वर्षे गलाई केलेले. फेटा काढून काखेत धरलेला.

“आनंदा, थांब. आमच्याकडं बी आलं हुतं.”

“काय?”

“माल. त्या आठवड्यात. बांगड्या हुत्या. एका बांगडीला...” त्यांनी वाक्य पुरे केले नाही. “समद्यांच्याकडं आलं हुतं, लेका. तू एकलाच न्हवतास. म्हणून तर कुणी इचारत न्हवतं तुला.”

मी त्यांना फरीदाबादच्या कागदाबद्दल सांगितले. ते म्हणाले, “येतो मी. नोटरीला वळखीचा माणूस लागंल. माझाबी लिहून देतो. किती वाजता?”

“दहा.”

“दहाला हजर.”

पुन्हा फरीदाबाद

कचेरीबाहेर नोटरीवाले पत्र्याच्या शेडमध्ये बसतात. प्रत्येकापुढे टेबल, शिक्के, आणि शेजारी संगणकावर टंकणारा माणूस. समोर छोले-कुलच्याची गाडी. हरजीत साडेनऊलाच आली होती. मी सांगत गेलो, टंकणारा हिंदीत लिहीत गेला. प्रधानजींचे नाव आले तेव्हा त्याने मान वर केली, मग लिहिले. ते नाव मी इथे लिहीत नाही. जिथे लिहायचे तिथे लिहिले आहे. पिंपळपानांपाशी तो अडला, “ये भी डालना है, अंकल?”

“डालना है,” हरजीत म्हणाली.

दोन पाने झाली. मी ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचली. दहा वाजले. साडेदहा. तात्यांचा फोन बंद. अकराला पुन्हा लावला, बंद. साडेअकराला त्यांच्या सुनेने उचलला. “तात्यांची तब्येत ठीक नाही. त्यांनी सांगितलंय, आनंदाला म्हणावं, माफ कर.”

मी रस्त्यावर उभा राहून त्या बिचाऱ्या सुनेला नको ते बोललो. फोन खिशात टाकला.

नोटरी घड्याळ बघत होता. माझे आधार कार्ड अजून गावच्याच पत्त्याचे; ते त्याने उलटे-सुलटे केले. “महाराष्ट्र का पता है। हस्ताक्षर आप ही के हैं, ये कौन बताएगा? यहाँ का कोई पहचान वाला लाओ। कोई जानता है आपको यहाँ?”

“नाही,” मी म्हणालो. “कोई नहीं.” कागद उचलायला हात पुढे केला.

हरजीतने तो कागद आपल्याकडे ओढला. चष्मा लावला. सगळा पुन्हा वाचला, पिंपळपानांच्या ओळीवर थांबली, मग पुढे गेली. मला वाटले फाडते. तिने टंकणाऱ्याच्या खिशातला पेन मागून घेतला.

“मैं जानती हूँ इसको,” ती नोटरीला म्हणाली. “ये नंदू है। हमारे बगल की दुकान में भट्टी पे काम करता था।”

आणि जिथे ओळख देणाऱ्याची सही असते, तिथे तिने सही केली. खाली आपले नाव लिहिले. आणि नावाखाली, कुणी मागितले नसताना, दारजींचे.